कीओककची टपालपेटी

गॉर्डी नेस्वोल्ड दारात आला की हॉर्न वाजवायचा. दोन आखूड आणि एक लांब. डावा पाय लंगडा असल्यामुळे तो उगीच गाडीतून उतरत नसे, आणि शेजारच्या मिसेस ऑल्सन त्या आवाजाने वैतागून खिडकीत येतात याची त्याला भारी मजा वाटायची. १९७७ सालच्या सप्टेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी सकाळी सहाला तो हॉर्न वाजला तेव्हा मी पायरीवर तयारच बसले होते. मांडीवर टाइपरायटरची पेटी, पायाशी पिशवी.

"तू झोपतेस की नाही कधी?" त्याने खिडकीतून विचारलं.

"संमेलनाच्या आदल्या रात्री झोपणारे लोक वेगळे."

ला क्रॉसहून सेंट लुइसला मिसिसिपीच्या काठाकाठाने गेलं तर सगळा दिवस लागतो. आम्ही सलग सहा वर्षं त्याच रस्त्याने विज्ञानकथावेड्यांच्या संमेलनाला जात होतो. गॉर्डीची तपकिरी स्टेशन वॅगन, तिचं मागचं दार दोरीने बांधलेलं. पुढे गॉर्डी आणि स्टॅन रुडनिक; स्टॅन शाळेत गणित शिकवायचा आणि नकाशा नेहमी उलटा धरायचा. मागे मी आणि डॉली पाचेक. डॉली बेकरीत कामाला होती, त्यामुळे गाडीत शिळ्या का होईना पण डोनटची कमी कधी पडली नाही. आणि सगळ्यात मागे, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं, आमच्या मंडळाचं हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल यंत्र. ते आमच्यापेक्षा जास्त जपलं जायचं.

मी वर्ना लिंड. जिल्हा कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी टाइप करायचं माझं काम. एकतीस वर्षं केलं, आणि एकाही मृत्यूच्या दाखल्यावर माझ्या हातून नाव चुकलं नाही. हे मी आढ्यतेने सांगत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी सांगून ठेवते.

आमच्या जगात तेव्हा एक जुनी खोड होती. नसलेला माणूस तयार करायचा. देशभर शेकडो हौशी अंक निघायचे, सायक्लोस्टाइलवर छापलेले, बोटांना शाई लावणारे, आणि त्यांतला खरा मेवा म्हणजे वाचकांची पत्रं. ज्याची पत्रं चांगली तो आमच्यात मोठा. निम्म्या लोकांना आम्ही कधी पाहिलेलंही नसायचं. मग पत्रं असली की पुरे, माणूस हवाच कशाला? असा एखादा खोटा पत्रलेखक दोनतीन वर्षं नाचवायचा, सगळ्यांना त्याचा लळा लागला की एखाद्या संमेलनात त्याचा मृत्युलेख वाटायचा आणि सांगून टाकायचं की बाबांनो, हा नव्हताच. लोक आधी चिडायचे आणि मग जेवण द्यायचे.

आमच्या माणसाचं नाव एमेट टॉलिव्हर. डॉलीने त्याला डावखुरा केलं. स्टॅनने त्याच्या खिशात ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या घातल्या. मी त्याला हिरवी टोपी दिली. गॉर्डी बियाण्यांच्या कंपनीचा फिरता विक्रेता होता, त्याची फेरी आयोवापर्यंत असायची, म्हणून त्याने कीओकक गावात एमेटच्या नावाने एक टपालपेटी घेतली. पत्रं तिथून पडायची, उत्तरं तिथेच यायची. पेटी क्रमांक ११४.

पण टोपी आणि गोळ्यांनी माणूस होत नाही. पत्रं खरी वाटायला आतून काहीतरी लागतं, आणि ते गॉर्डीने दिलं. स्वतःचं. पुराची गोष्ट त्याने दिली: १९६५ साली प्रेरी डू शीनला नदी रस्त्यावर आली तेव्हा तो आणि त्याचा मामा होडीतून मामाच्याच घराच्या पुढच्या दारातून आत शिरले, जिन्यापर्यंत वल्हवत गेले आणि भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं. घड्याळ चालूच होतं. सतरा वर्षांचा गॉर्डी ते मांडीवर घेऊन बसला आणि बाहेर पडेपर्यंत त्याला पोटाशी टिकटिक जाणवत राहिली. मग त्याने पोलिओचा उन्हाळा दिला, आई गरम पाण्यातून पिळलेली लोकर पायाला गुंडाळायची तो. न्हाव्याच्या दुकानातून शर्टाखाली लपवून आणलेलं पहिलं विज्ञानकथांचं मासिक दिलं.

"अरे, स्वतःसाठी ठेव की काही," मी एकदा म्हटलं होतं.

"एमेटला दिलं म्हणून माझं थोडंच जातंय?"

त्या वर्षी एमेटला संपवायचं असं आमचं ठरलं होतं. खरं म्हणजे मी हट्टाने ठरवलं होतं. कारण सांगते, आता लाजण्याचं वय राहिलं नाही. माझं गॉर्डीवर प्रेम होतं. आणि गेलं वर्षभर तो माझ्याशी बोलता बोलता मध्येच हरवायचा. एमेटची पत्रं मात्र दर महिन्याला जाडजूड होत होती. मी ठरवलं होतं की सेंट लुइसला एमेटचा निकाल लावायचा आणि सोमवारी परतताना गॉर्डीला सगळं सांगून टाकायचं.

प्रेरी डू शीनच्या पुलाजवळ धुकं नुकतं फाटत होतं. नदी रुंद, शांत, कडेला कमळाची पानं. दर वर्षी इथे आलो की गॉर्डी मामाच्या जुन्या घराकडे बोट दाखवायचा आणि घड्याळाची गोष्ट सांगायचा. आम्हाला ती पाठ होती, तरी आम्ही वाट बघायचो.

घर मागे पडलं. गॉर्डी काही बोलला नाही.

"ए, घड्याळ राहिलं ना!" डॉली म्हणाली.

"कुठलं घड्याळ?"

"मामाचं. पुरातलं."

गॉर्डीने आरशातून आमच्याकडे पाहिलं. "ते एमेटचं ना?"

स्टॅन खो खो हसला. डॉलीही हसली. गॉर्डी हसला नाही, आणि तो चेष्टा करत असला की त्याचा उजवा कान हलायचा, तो हलला नाही. मी एक डोनट काढून त्याच्या हातात दिला.

दुपारी मस्कटीनला थांबलो. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे रस्त्याकडेला खरबुजांचे ढीग लागतात आणि वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो. गॉर्डी उतरून फळं दाबून बघायला गेला. मी गाडीला टेकून उभी होते. ऊन चांगलंच लागत होतं, कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. तो दोन खरबुजं काखेत मारून परत येत होता, आणि मला काहीतरी खटकलं. काय ते कळायला तो अगदी जवळ यावा लागला.

तो सरळ चालत होता.

"गॉर्डी, तुझा पाय?"

"काय झालं पायाला?"

"लंगडत नाहीयेस."

त्याने खाली पाहिलं, दोन्ही पायांकडे, आधी एकाकडे आणि मग दुसऱ्याकडे. "कुठला पाय?" त्याने विचारलं. खरंच विचारलं. मग म्हणाला, "वर्ना, तुला ऊन लागलंय. आत बस." आणि सुरीने खरबूज कापायला लागला.

मी स्टॅनला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "अगं, दोघं मिळून आपल्याला बनवताहेत, तो आणि एमेट." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला. मीही हसले. आमच्यात कोण कोणाला कधी बनवेल याचा नेम नव्हता, आणि चेष्टा ओळखू न येणं ही आमच्यात सगळ्यात मोठी नामुष्की होती. त्या भीतीने मी गप्प बसले. आजही वाटतं, तिथूनच गाडी वळवायला हवी होती.

कीओककला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. टपाल कचेरी जुनी, विटांची, आत पॉलिशचा आणि डिंकाचा वास. एमेटच्या नावे आलेली शेवटची पत्रं घ्यायची आणि पेटी बंद करायची असा बेत होता. गॉर्डीने किल्ली लावली. पेटी रिकामी.

खिडकीपलीकडे चष्मा साखळीला लावलेली एक बाई बसली होती. गॉर्डी तीन वर्षं दर महिन्याला तिच्याकडे यायचा. तिच्या मांजरीचं नाव आम्हालासुद्धा माहीत होतं.

"एकशेचौदाचं टपाल?" गॉर्डीने विचारलं.

"ते मिस्टर टॉलिव्हर घेऊन गेले की. तासभर झाला असेल." बाई कौतुकाने म्हणाली. "बिचारे एवढा पाय ओढत येतात, पण स्वतःच येतात. मला गोळी दिल्याशिवाय जात नाहीत."

काउंटरवर, शाईच्या ठशाशेजारी, ज्येष्ठमधाची एक काळी गोळी पडली होती.

स्टॅन हसायला गेला आणि थांबला. डॉलीने माझा दंड धरला.

बाईने चष्मा चढवला आणि गॉर्डीकडे नीट पाहिलं. "आणि आपण कोण?"

गॉर्डीने तोंड उघडलं. उत्तर द्यायला जेवढा वेळ लागावा त्यापेक्षा फार जास्त वेळ गेला. शेवटी मीच म्हणाले, "हा गॉर्डी. गॉर्डी नेस्वोल्ड. दर महिन्याला येतो तुमच्याकडे." बाई अदबीने हसली, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तशी.

बाहेर आल्यावर गॉर्डीने गाडीची किल्ली स्टॅनच्या हातात ठेवली. "तू चालव. मला पुढचा रस्ता आठवत नाहीये."

तो मागे माझ्याशेजारी बसला, डॉली पुढे गेली. पूल ओलांडून मिसूरीत शिरलो. दोन्हीकडे मक्याची शेतं, पिकून पिवळी पडत चाललेली. मला एवढंच कळत होतं की हा एमेट संपला पाहिजे, आत्ताच. मी टाइपरायटर मांडीवर घेतला, सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल चढवलं. ते मशीन गॉर्डीच्या वडिलांचं. त्यातला 'e' ओळीपेक्षा जरा वर उडायचा.

वर नाव घातलं. एमेट टॉलिव्हर. खाली लिहायला लागले, आणि दुसऱ्याच ओळीला माझ्या लक्षात आलं की लिहायला जे काही आहे ते सगळं गॉर्डीचंच आहे. पूर, मामा, घड्याळ. आईची गरम लोकर. न्हाव्याचं दुकान.

माझे हात थांबले. "गॉर्डी, नको ना लिहू?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "लिहून टाक," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण त्यात जुना गॉर्डी होता. "तो संपला की सगळं परत मागून घेतो त्याच्याकडून."

"आणि नाही दिलं तर?"

"देईल गं. भला माणूस आहे. आपणच केलाय ना त्याला भला." मग म्हणाला, "एक नाही दिलेलं त्याला. ते मी ठेवलंय."

"काय?"

"तुझं आहे." त्याचा उजवा कान किंचित हलला. "सोमवारी परतताना सांगतो."

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी टाइप करत राहिले. हॅनिबल गाव येईपर्यंत मृत्युलेख पुरा झाला. मी माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं चांगलं काही लिहिलं नाही. स्टेन्सिल उजेडाकडे धरून मी ते कचेरीतल्या सवयीप्रमाणे दोनदा तपासलं. नाव एमेट टॉलिव्हर होतं. याबद्दल माझ्या मनात आजही तीळभर शंका नाही.

गॉर्डी डोकं काचेला टेकून झोपला होता. त्याचा हात मी हातात घेतला. हात उबदार होता.

सेंट लुइसच्या हॉटेलसमोर गाडी उभी राहिली तेव्हा सहा वाजून गेले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. दारातच ओळखीची माणसं, मिठ्या, आरोळ्या, कोणीतरी पत्र्याचं शिरस्त्राण घालून फिरतंय. दर वर्षी त्या दारात पाऊल टाकलं की मला घरी आल्यासारखं वाटायचं. वर्षभर ज्या लोकांत आपण विक्षिप्त ठरतो त्यांना मागे टाकून आपल्यासारख्याच तीनशे विक्षिप्तांत आल्याचं सुख काय असतं ते ज्याने भोगलं त्यालाच माहीत.

"तुम्ही व्हा पुढे," गॉर्डी म्हणाला. "मी गाडी लावून येतो."

"किल्ली स्टॅनकडे आहे."

"हो की." त्याने हात पुढे केला आणि स्टॅनने किल्ली दिली. मी वळून पाहिलं. तो गाडीला टेकून उभा होता, डोळ्यांवर हात धरून, ही सगळी गर्दी कसली आहे हे बघत असल्यासारखा. मी हात केला. त्यानेही केला. दोघांच्या मधून सामानाची एक हातगाडी गेली.

नोंदणीच्या टेबलावर आम्ही बिल्ले मागितले. लिंड. रुडनिक. पाचेक. बाईने काढून दिले.

"टॉलिव्हर?" स्टॅनने उसन्या धीराने विचारलं. एमेटची वर्गणी आम्हीच गमतीने भरून ठेवली होती.

"त्याने नेला मघाशी. सही केलीय बघ." वहीत डाव्या हाताची, मागे झुकलेली सही होती.

"आणि नेस्वोल्ड," मी म्हटलं. "गॉर्डी नेस्वोल्ड."

बाईने यादीवरून बोट फिरवलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "चावट कुठचे! अजून चालूच आहे का तुमचं ते? आम्ही केव्हाच ओळखलंय हं, गॉर्डी म्हणून कोणी नाहीये ते."

मी स्टॅनकडे पाहिलं. स्टॅन हसत होता. कसनुसं नाही. मनापासून, पकडला गेल्यावर हसतात तसा.

मी जिना धावत चढले. यंत्र खोलीत आणून ठेवलं होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. एमेटचा मृत्युलेख कागदावर उतरला की हे थांबेल, एवढंच. मी स्टेन्सिल लावलं. डॉली मागोमाग आली आणि निमूट दांडा फिरवायला लागली. शाईचा तो गोडसर वास. पहिला कागद सरकत बाहेर आला.

डॉलीने तो उचलला. वाचता वाचता तिचे डोळे भरून आले.

"किती सुंदर लिहिलंयस गं," ती म्हणाली. "एखाद्याला वाटेल, हा गॉर्डी खरंच होता."

मी कागद घेतला.

वर नाव होतं गॉर्डी नेस्वोल्ड. 'e' ओळीच्या जरा वर.

मी दुसरा कागद घेतला. मग तिसरा. मग स्टेन्सिल ओढून काढलं आणि दिव्यासमोर धरलं. बोटं काळी झाली.

जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल नीट, एक ओढलेलं. एक नीट, एक ओढलेलं.

माझं मन म्हणालं, गॉर्डी.

दार उघडलं. हिरवी टोपी. ज्येष्ठमधाचा वास.

"गाडी मागच्या बाजूला लावलीय," तो माणूस म्हणाला, आणि आमच्या गाडीची किल्ली त्याने डाव्या हाताने टेबलावर ठेवली. "वर्ना, तुझी पिशवी राहिली होती गं."

"एमेट, ये, हे वाच आधी," डॉली म्हणाली. "तुझ्या गॉर्डीला काय झकास पोचवलंय हिने!"

त्याने उभ्याउभ्या वाचलं. पुरापाशी आल्यावर त्याने पोटावर हात ठेवला. घड्याळ जिथे असतं तिथे.

नंतरचं थोडक्यात सांगते. मी शोधलं. शोधणं हा माझा पेशाच होता. वेस्टबी गावाजवळच्या शेतावर गॉर्डीच्या आईकडे गेले; तिने रुबार्बचा केक कापून पुढे ठेवला आणि म्हणाली की मला एकच मुलगा, लग्न दोनदा झालं म्हणून त्याचं आडनाव वेगळं, पहिल्या नवऱ्याचं, टॉलिव्हर. भिंतीवर छोट्या एमेटचा फोटो होता, पायाला पट्टे बांधलेला. जिल्हा कचेरीत जन्माच्या नोंदवहीत नेस्वोल्ड मुलगा नव्हता. संमेलनांच्या फोटोंत आम्ही चौघंच होतो: स्टॅन, डॉली, मी आणि हिरवी टोपी. गॉर्डीचा मृत्युलेख त्या वर्षी सगळ्यात गाजला. मला लोकांनी जेवण दिलं.

आणि मी एमेटशी लग्न केलं. का केलं, हे मला कोणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच कोणाला माहीत नव्हतं, पण उत्तर तयार आहे. गॉर्डीचं या जगात जे काही उरलं होतं ते या माणसापाशी होतं. पुराची गोष्ट तो गॉर्डीच्याच शब्दांत सांगायचा. मी डोळे मिटून ऐकायची. एमेट भला होता, आपणच त्याला भला केला होता. बेचाळीस वर्षांत त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही. मला तो आवडायला लागला, हेही सांगून टाकते. त्यात लपवण्यासारखं काय आहे.

फक्त एक खेळ मी गुपचूप खेळायची. आडून आडून विचारायची, "एमेट, मी तुझ्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हाचं आठवतं का रे?" तो प्रामाणिकपणे विचार करायचा आणि म्हणायचा, "नाही गं. तेवढं नाही आठवत." ते ऐकून मला बरं वाटायचं. ते दुसऱ्या कोणीतरी ठेवलेलं होतं. काय ठेवलं होतं ते मलाही माहीत नव्हतं. त्या दिवशीचं मला एवढंच आठवायचं की पाऊस होता.

स्टॅन गेला, डॉली मुलीकडे राहायला गेली. मागच्या हिवाळ्यात एमेट विसरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वय. पहिल्यांदा घड्याळ गेलं. नातवाने पुराची गोष्ट मागितली तेव्हा तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला.

चार दिवसांनी एक लिफाफा आला. शिक्का कीओककचा. आत एकच पान, टाइप केलेलं, खाली सही नाही. मामाचं घर, होडी, जिना, मांडीवरचं घड्याळ. प्रत्येक 'e' ओळीच्या जरा वर.

ते मशीन माझ्या कपाटात आहे. मी जाऊन पाहिलं. त्याची फीत केव्हाच वाळून गेली आहे.

मार्चमध्ये न्हाव्याचं दुकान गेलं. पाकीट आलं. मेमध्ये एमेट सकाळी उठून सरळ चालत स्वयंपाकघरात आला, आणि मी हातातली किटली खाली ठेवली. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. पाकिटात गरम लोकरीचा वास येतो का म्हणून मी ते नाकाशी धरलं.

त्याला हळूहळू रिकामं होताना बघणं सोपं नव्हतं. तो माझा नवरा आहे. रात्री तो झोपला की मी त्याच्या कपाळावर हात ठेवून बसायची, आणि सकाळी टपालाची वाटही बघायची. दोन्ही खरं.

गेल्या मंगळवारचं पान सगळ्यात लहान होतं. त्यात एमेट विसरलेलं काही नव्हतं, कारण ते त्याच्याकडे कधी नव्हतंच.

"पाऊस होता. तू घाईने गाडीत शिरलीस, दारावर डोकं आपटलं, आणि तू दाराला सॉरी म्हणालीस. मी त्याच क्षणी संपलो."

मला आठवलं. दार ओलं होतं, थंड होतं.

आज शुक्रवार, सप्टेंबरातला पहिला. सकाळी मी एमेटला अंडं आणि टोस्ट दिला. त्याने रुमाल मांडीवर पसरला, माझ्याकडे बघून अदबीने हसला आणि विचारलं, "बाई, आपण कोण?"

मी नाव सांगितलं. त्याने मान हलवली, छान नाव आहे म्हणाला.

टपाल आलं. दोन बिलं, एक जाहिरात. कीओककचं काही नाही.

मी परत येऊन त्याच्यासमोर बसले. त्याच्या टोस्टला लोणी लावून दिलं. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं.

बाहेर हॉर्न वाजला.

दोन आखूड. एक लांब.

एमेटने टोस्ट खाली ठेवला, खिडकीचा पडदा डाव्या हाताने जरासा बाजूला केला आणि बाहेर पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हाला न्यायला आलंय कोणीतरी."